ड्रिलच्या तासाचे चोर

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या भाऊबीजेला, मी अमरावतीहून अकोल्याला ताईकडे गेलो होतो. ओवाळून झाले, ताटात अनारसे पडले आणि भाऊजींच्या बैठकीत त्यांची नेहमीची मंडळी जमली. त्यांत एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही. माणूस भला आहे, गाठीला पैसा आहे आणि गावासाठी काही करावे अशी खरीखुरी तळमळ आहे. अशा माणसांशी भांडणे फार जड जाते. त्यांनी पिशवीतून एक छापील कागद काढला. अकोल्यात फुटबॉल आणि क्रिकेट यांची एक अद्ययावत अकॅडमी काढायची, तिच्यासाठी परदेशातून, शक्यतो हॉलंडातून, एक नाणावलेला कोच आणायचा, त्याच्या डोक्यावर एक टेक्निकल डायरेक्टर बसवायचा आणि पाच वर्षांत वऱ्हाडचे नाव दुमदुमवायचे, असा त्या कागदाचा मथितार्थ होता. खाली सह्या. भाऊजींनी केली, वकिलांनी केली, डॉक्टरांनी चिवडा खाता खाता केली. कागद माझ्यापुढे आला.

मी सही केली नाही.

"का हो मास्तर, चांगल्या कामाला तुमचा विरोध?" भाऊजींनी विचारले. मी काही बोलणार तोच ताईने दुसरा अनारसा ताटात टाकला आणि "सणासुदीला वाद नको" अशा नजरेने माझ्याकडे पाहिले. मी गप्प बसलो. बहिणीच्या घरी भाऊबीजेच्या दिवशी गप्प बसावे हे बरेच. पण गप्प बसलेला मास्तर वर्षभर मनातल्या मनात तास घेत राहतो. तो तास आज इथे घेतो. वाचकहो, अनारसे तुमच्याही ताटात असतील. ते खात खातच ऐका.

पहिली गोष्ट ही की, हॉलंडचे कोच या देशात येऊन गेलेले आहेत. २०११ साली रॉब बान नावाचे डच गृहस्थ भारतीय फुटबॉलचे टेक्निकल डायरेक्टर झाले. २०१२ साली विम कूवरमन्स हे राष्ट्रीय संघाचे कोच म्हणून आले. हे कूवरमन्स काही रस्त्यावरचे नव्हेत. १९८८ साली युरोपचा करंडक जिंकणाऱ्या डच संघातले ते एक. आल्या आल्या त्यांनी दिल्लीला नेहरू करंडक जिंकून दाखवला. अंतिम सामन्यात कॅमेरूनला पेनल्टीवर हरवले. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. पुढल्याच वर्षी काठमांडूला अफगाणिस्तानने आपल्याला दोन शून्याने लोळवले. कूवरमन्स गेले, आणि २०१५ च्या मार्चमध्ये जगाच्या यादीत भारताचा नंबर १७३ वा लागला. त्याच्या खाली आपण तोवर कधीच गेलो नव्हतो. त्यानंतर इंग्लंडचा कोच आला, क्रोएशियाचा आला, स्पेनचा आला. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील यांना नेमले, तेव्हा त्या खुर्चीवर तब्बल तेरा वर्षांनी भारतीय माणूस बसला.

यात त्या डच मंडळींचा दोष मी काढीत नाही. मुळीच नाही. एखाद्या नामांकित बल्लवाला घरी बोलवावे, आणि तो आल्यावर कळावे की घरात पीठ नाही, मीठ नाही आणि चूलही शेजाऱ्याची आहे, तर तो बिचारा काय रांधणार? तो पाणी उकळून देईल आणि आपला पगार घेऊन जाईल.

आता या हॉलंडकडेच जरा नीट पाहू. देश केवढा? अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे आमचे पाच जिल्हे एकत्र केले तर क्षेत्रफळात त्या देशाहून थोडे अधिकच भरतील. तिकडे माणसे पावणेदोन कोटींच्या वर; इकडे २०११ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी बारा लाखांच्या आसपास. म्हणजे हॉलंड हे वऱ्हाडाएवढेच एक वऱ्हाड आहे, फक्त समुद्राच्या पाण्यातून उपसून काढलेले. ह्या एवढ्याशा मुलखाने १९७४, १९७८ आणि २०१० अशी तीनदा जागतिक करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, आणि जगातल्या निम्म्या मोठ्या क्लबांना कोच पुरवले. हे कसे झाले? तिथली माती वेगळी की पाणी वेगळे? अध्यक्षमहाशयांनी कागद छापण्यापूर्वी एवढे विचारायला हवे होते.

उत्तर असे आहे की त्या देशाचे मोठे कोच हे मुळात ड्रिल मास्तर होते.

मी विनोद करीत नाही. रिनस मिशेल्स घ्या. त्यांच्या आयाक्स संघाने १९७१ साली युरोपचा मानाचा करंडक घेतला, १९७४ च्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या डच संघाने जगाला वेड लावले आणि १९८८ चा युरोपीय करंडकही त्यांचाच. १९९९ मध्ये त्यांना शतकातला सर्वश्रेष्ठ कोच म्हणून गौरवले गेले. हे मिशेल्स आयाक्सची सूत्रे हाती घेण्याआधी अॅमस्टरडॅममध्ये बहिऱ्या मुलांच्या शाळेत कसरत शिकवीत होते. ज्यांना शिट्टी ऐकू येत नाही त्यांना रांगेत उभे करायला ज्याने शिकवले, त्याला अकरा शहाण्यांना उभे करणे काय अवघड? दुसरे गुस हिडिंक. २००२ साली कोरियासारख्या संघाला त्यांनी जागतिक करंडकाच्या उपांत्य फेरीत नेले तेव्हा सगळ्या आशियाने डोळे चोळले. हे हिडिंक खेळाडू असतानाच वळणावर न येणाऱ्या मुलांच्या शाळेत खेळांचे मास्तर होते.

आणि तिसरे लुई व्हॅन गाल. यांची कहाणी मला फार आवडते, कारण हा मनुष्य स्वभावाने शंभर टक्के मास्तर आहे: हट्टी, तोंडाळ, फळ्यावर लिहिल्याशिवाय चैन न पडणारा. जन्म १९५१ चा, अॅमस्टरडॅमचा. घरात नऊ भावंडे, हे शेंडेफळ. अकरा वर्षांचे असताना वडील गेले. शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातून रीतसर पदवी घेतली, आणि एकीकडे फुटबॉल खेळत दुसरीकडे बरीच वर्षे अॅमस्टरडॅममधल्या डॉन बॉस्को तांत्रिक शाळेत ड्रिल शिकवले. सकाळी मुलांचा घाम काढायचा, मग स्वतःचा. १९९१ मध्ये आयाक्सचे मुख्य कोच झाले तेव्हा त्यांनी बाजारातून महागडे मोहरे आणण्यापेक्षा क्लबच्या शाळेतली पोरे पुढे काढली. १९९५ च्या मे महिन्यात व्हिएन्नाला मिलानच्या बलाढ्य संघाविरुद्ध युरोपचा अंतिम सामना होता. पाच मिनिटे उरली असताना एकमेव गोल केला पॅट्रिक क्लुईव्हर्टने. वय वर्षे अठरा! त्याच पोरसवदा संघात सीडॉर्फ होता, डाव्हिड्स होता.

पुढे बार्सेलोनाला दोन वर्षे लागोपाठ स्पेनची अजिंक्यपदे, २००९ मध्ये एझेड नावाच्या लहान क्लबला देशाचे अजिंक्यपद, २०१० मध्ये बायर्नला जर्मनीची दोन्ही मानाची पदे. मध्येच फजितीही भरपूर. २००१ साली त्यांच्या हाताखालचा डच संघ डब्लिनमध्ये आयर्लंडकडून हरला आणि पुढल्या जागतिक स्पर्धेला मुकला. २००४ मध्ये आयाक्सने त्यांना टेक्निकल डायरेक्टर केले, तर वर्ष पुरे होण्याआधी भांडून बाहेर. आमच्या अध्यक्षांच्या कागदावरची ती खुर्ची किती निसरडी असते हे त्यावरून कळावे. २०१६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला चषक जिंकून दिला आणि लगेच नोकरी गेली. पण मला त्यांचा जो प्रसंग कायम आठवतो तो २०१४ चा, ब्राझीलमधला. कोस्टारिकाविरुद्धचा सामना बरोबरीत, जादा वेळ संपत आलेला, आता पेनल्टी. व्हॅन गालने आपला चांगला खेळत असलेला गोलरक्षक काढला आणि टिम क्रुल नावाचा राखीव उभा केला. लोकांनी कपाळावर हात मारला. क्रुलने दोन पेनल्टी अडवल्या! हे पुस्तकात लिहिलेले नसते. वर्गातल्या कोणत्या पोराला काय येते हे रोज हजेरी घेणाऱ्यालाच ठाऊक असते.

तर अध्यक्षमहाशय, हॉलंडहून आणायचेच असेल तर हे आणा. तिथल्या शाळेत ड्रिलचा तास असतो, त्या तासाला शिकलेला मास्तर असतो, आणि त्या मास्तराला समाजात एवढी किंमत असते की पुढेमागे तो देशाच्या संघापर्यंत जाऊ शकतो. झाडाचे फळ आणून आपल्या बाभळीला दोऱ्याने बांधल्याने बाभळीचा आंबा होत नाही.

एवढे बोललो असतो तर अध्यक्षांनी हुकमाचा एक्का टाकला असता, हेही मला ठाऊक आहे. "मग चंद्रकांत पंडितांचे काय?"

एक्का खरोखरच मोठा आहे. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळतो आहे. (त्याआधीच्या संघाच्या नावात 'मध्य प्रांत व वऱ्हाड' असे असे, करंडक नसला तरी निदान नावात वऱ्हाड होते!) साठ हंगाम गेले, करंडक नाही. मग मुंबईहून पंडित आले, आणि ६१ व्या हंगामात, २०१८ च्या नववर्षदिनी, इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने करंडक उचलला. पुढल्याच हंगामात नागपूरला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून पुन्हा उचलला. एक मनुष्य बाहेरून आला आणि साठ वर्षांचे दारिद्र्य दोन वर्षांत फिटले. मग हॉलंडचा का येऊ नये?

पंडितांची थोरवी मी कमी लेखत नाही. हा गृहस्थ यष्टिरक्षक म्हणून पाच कसोटी सामने खेळला, आणि खेळाडूपेक्षा गुरू म्हणून मोठा झाला. मुंबईला त्यांनी कोच म्हणून तीनदा करंडक मिळवून दिला. १९९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून बंगळुरूच्या मैदानावर ते अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी, २०२२ च्या जूनमध्ये, त्याच मैदानावर त्याच मध्य प्रदेशाला कोच म्हणून करंडक मिळवून दिला, आणि तोही मुंबईला हरवून. त्या दिवशी या कडक माणसाच्या डोळ्यांत पाणी आले होते. शिस्तीचा बडगा असा की भले भले टरकून असत. मास्तर म्हणून मला ते पूजनीय आहेत.

पण हाच गुरू २०२३ पासून तीन हंगाम कोलकात्याच्या आयपीएल संघाकडे होता. पहिल्या वर्षी संघ सातवा आला, दुसऱ्या वर्षी पहिला, तिसऱ्या वर्षी आठवा. गुरू तोच, शिस्त तीच, बडगाही तोच. मग बदलले काय? पीक बदलले. कोच म्हणजे खळ्यावरचा कर्ता पुरुष. उपणणी त्याच्यासारखी कोणाला येत नाही. वारा कुठला, सूप केव्हा हलवायचे, हे त्यालाच कळते. पण पेरले दुसऱ्याने असते, निंदले तिसऱ्याने असते, आणि राखण करताना रात्री जागलेला चौथाच असतो.

इंदूरच्या त्या सामन्यात मैदानावर कोण होते ते पाहा. हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी, अभियांत्रिकीची पदवी घेऊन आलेला. आयुष्यातले पहिले शतक नेमके अंतिम सामन्यात झळकवणारा अक्षय वाडकर, १३३ धावा. आणि आमच्या अकोल्याचा एकोणीस वर्षांचा आदित्य ठाकरे, ज्याने पहिला रणजी सामना खेळला तो थेट अंतिम! एवढ्या कोवळ्या पोराच्या हाती अशा दिवशी नवा चेंडू द्यायला छाती लागते, ती पंडितांची आणि कर्णधार फैज फझलची. पण तो चेंडू टाकायला ज्या हाताला वळण लागले होते, ते पंडित नागपूरला येण्याआधी अकोल्याच्या मैदानावर लागलेले होते. तो वळण लावणारा माणूस मथळ्यात नव्हता. तो त्या वेळी बहुधा दुसऱ्या एखाद्या पोराला 'कोपर वर ठेव' म्हणून ओरडत असेल.

पुढचे ऐका. २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशात गेले. विदर्भ पुन्हा साठ वर्षे झोपला काय? २०२३-२४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोचला. २०२४-२५ मध्ये तिसरा करंडक! त्या वेळी कोच कोण? उस्मान घनी, विदर्भाचेच जुने कर्णधार. घरचा माणूस. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. आणि ज्या दिवाळीत तो कागद माझ्यापुढे आला, त्याच महिन्याच्या सुरुवातीला नागपूरला इराणी करंडकात अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ धावा करून शेष भारताला पाणी पाजले होते. त्याच बैठकीत याच मंडळींनी त्यावरून दहा मिनिटे छाती फुगवली होती! आपल्या गावच्या पोराने देशाला हरवले म्हणून पेढे वाटायचे, आणि दुसऱ्या घटकेला 'आपल्याकडे शिकवणारा कोणी नाही' म्हणून हॉलंडला अर्ज करायचा. हा कुठला न्याय?

याहून मोठी शरम मला माझ्या अमरावतीची वाटते, कारण जे हॉलंडने केले ते करायला अमरावतीने शंभर वर्षांपूर्वी आरंभ केला होता. १९१४ साल. टिळक मंडालेहून सुटून आले ते हेच वर्ष. त्या वर्षी अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायामशाळा उभी केली. पुढे तिचेच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तिकडे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली, कबड्डी दाखवली, हे पुष्कळांना माहीत असते. सत्काराच्या भाषणांत ते हटकून येते. पण खरा पराक्रम बर्लिनचा नव्हे. खरा पराक्रम उन्हाळी वर्गांचा. वैशाखात अमरावती काय तापते हे मी सांगायला नको. त्या उन्हात परप्रांतांतून मास्तर लोक इथे येत, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती शिकत, आणि शिकवायचे कसे हे शिकत. मग आपापल्या गावी जाऊन शाळेच्या अंगणात पोरे उभी करीत. वैद्य बंधूंनी पैलवान घडवण्याआधी पैलवान घडवणारे घडवले. त्या मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, ती या परंपरेचीच.

ज्या गावाने मुलखाला ड्रिल मास्तर पुरवले, त्या गावापासून दोन तासांच्या वाटेवर आज हॉलंडच्या नावाने जाहिरात निघते आहे.

मग हे ड्रिल मास्तर गेले कुठे? सांगतो. २००९ साली बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा झाला. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. त्याच्या शेवटी शाळेत काय काय हवे याची एक यादी जोडली आहे. तीत क्रीडांगण हवे असे लिहिले आहे, खेळाचे साहित्य हवे असेही लिहिले आहे. आणि माणूस? सहावी ते आठवीच्या शाळेत मुले शंभराच्या वर असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक! पहिली ते पाचवीला तोही नाही. शंभराच्या आत मुले असतील, आणि आमच्या खेड्यापाड्यांत बहुतेक ठिकाणी तशीच असतात, तर तिथेही नाही. म्हणजे चेंडू पूर्ण, मैदान पूर्ण, आणि मास्तर तेवढा पाव. गणिताचा मास्तर असा अंशकालीन ठेवून पाहा बरे! पालक शाळेला टाळे ठोकतील.

पण कायद्यावर सगळे ढकलून मी मोकळा होणार नाही. पालकांनी टाळे ठोकले नाही, संस्थाचालकांनी हूं की चूं केले नाही, आणि आम्ही बाकीचे मास्तर? आम्ही तर चोर होतो. होय, चोर. या लेखाच्या मथळ्यात जे चोर आहेत त्यांत पहिले नाव माझे घाला.

मी तेहतीस वर्षे मराठी शिकवले. शाळेचे नाव इथे नको. आमच्या शाळेला एक ड्रिल मास्तर होते. खाकी पँट, गळ्यात शिट्टी, उन्हाने रापलेला चेहरा, आणि बोली अस्सल वऱ्हाडी. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची दारापाशी; चहा आला तर सगळ्यांत शेवटी त्यांच्याकडे. दर गुरुवारी दुपारी नववीला त्यांचा तास असे, आणि दिवाळीनंतर अभ्यासक्रम मागे पडला की मी तो खुशाल मागून घेई. मागून कसला? "मास्तर, आज तुमचा तास मी घेतो" असे सांगून घेई. समास राहिलेले असत, वृत्ते राहिलेली असत. मला वाटे, मी मुलांवर उपकारच करतो आहे. एकदा ते दारात थांबले आणि म्हणाले, "सर, माहा तास घ्या, मी नाई म्हनत नाई. पन पोट्ट्यायले आठवड्यातून एकडाव तं घाम येऊ द्या." मी हसलो. वर्गही हसला. त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि निघून गेले.

त्या वर्गात दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातला एक मुलगा होता. तिकडचे पाणी खारे, जमीन काळी, भेगा अशा की पाय जाईल. हा उंच, सडपातळ, पायांत जणू वारा. गॅदरिंगच्या शर्यतीत बाकीचे पोर निम्म्यावर असायचे तेव्हा हा दोरी तोडून परत फिरलेला असायचा. गुरुवारी तो सकाळपासून खिडकीकडे पाहत असे. मी फळ्यावर समास लिहू लागलो की त्याचा चेहरा पडे. मला ते दिसत असे. मी लिहीतच राही.

काही वर्षांपूर्वी मूर्तिजापूरच्या बाजारात एका जिनिंगच्या फाटकाशी कोणी हाक मारली. तोच. कापसाच्या काट्यावर मोजदाद करतो. चाळिशीचा असेल, पण अंग सुटलेले, उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठला. पाया पडायला वाकला तेही अर्ध्यावर. मी "राहू दे, राहू दे" म्हटले. हसत म्हणाला, "सर, द्वंद्व समास अजून येतो बरं. आईवडील, मीठभाकर!" मग चहा पाजला. त्याची मुलगी सहावीत आहे. तिच्या शाळेत ड्रिलचा तास आहे का, विचारले. "वेळापत्रकात आहे जी," तो म्हणाला.

तो देशासाठी धावला असता असे मी म्हणत नाही. कोण जाणे. निदान आज गुडघे धरून उठला नसता. अध्यक्षांच्या अकॅडमीत याची मुलगी जाईल काय? कागदावर फी 'माफक' लिहिली आहे. माफक या शब्दाचा अर्थ मी पुष्कळ संस्थांच्या पत्रकांत वाचला आहे. काट्यावरच्या माणसाला तो परवडत नाही. त्या अकॅडमीत वकिलांचा नातू जाईल, डॉक्टरांचा जाईल, भाऊजींचाही जाईल. हॉलंडचा कोच त्या चाळीस पोरांना उत्तम चपळाई शिकवील, आणि दोन वर्षांनी दुसरीकडून बोलावणे आले की जाईल. वाईट माणूस म्हणून नव्हे. त्याचा धंदाच तो आहे. व्हॅन गालने किती क्लब बदलले ते वर सांगितलेच. त्याच्यामागे उरेल काय? चाळीस जर्सी आणि एक फोटो.

उलट, परदेशी कोचला जो पगार, राहायला बंगला, विमानाचे भाडे आणि दुभाष्या द्यायचा, त्या पैशांत तालुक्याच्या किती शाळांना पूर्णवेळ ड्रिल मास्तर ठेवता येतील, हे त्रैराशिक बैठकीतल्या वकिलांना सुटण्यासारखे आहे. पण ड्रिल मास्तराच्या गळ्यात हार घालतानाचा फोटो कोणी छापत नाही, ही खरी अडचण. त्याला विमानतळावर आणायला जाता येत नाही. तो सायकलवर येतो.

"अहो, पण मुलांचे मार्क?" असे आता एखादी माउली विचारील. विचारा. मार्कांसाठीच मी तो तास चोरत होतो. माझ्या तेहतीस वर्षांत गुरुवारच्या त्या चोरलेल्या तासाने कोणाचा एक मार्क वाढलेला मी पाहिला नाही. दुपारच्या तिसऱ्या तासाला अर्धा वर्ग पेंगत असतो, हे प्रत्येक मास्तराला माहीत असते आणि कोणी बोलत नाही. पोर उन्हात वीस मिनिटे पळून आले असते तर समास दहा मिनिटांत शिकले असते.

या वर्षी श्रावणात तोच कागद टपालाने माझ्याकडे आला. सोबत अध्यक्षांची चिठ्ठी: "मास्तर, आता तरी सही करा. तुमची तेवढी राहिली." माणूस भला आहे हे मी वर म्हटलेच. मी या खेपेस सही केली. पण सहीच्या वर जेवढी जागा होती तेवढ्यात लिहिले: 'पहिली तीन वर्षे अकॅडमीचे पैसे तालुक्यातल्या वीस शाळांना पूर्ण पगाराचे वीस ड्रिल मास्तर देण्यात खर्चावेत. त्यांची खुर्ची शिक्षकांच्या खोलीत मध्यभागी असावी. त्यांचा तास मागणाऱ्या मास्तराला दंड असावा. पहिला दंड मी भरतो, सोबत चेक जोडला आहे. चौथ्या वर्षी या वीस जणांना शिकवायला हॉलंडचा एखादा जुना ड्रिल मास्तर अवश्य आणावा. त्याला घ्यायला मी हार घेऊन अकोला स्टेशनवर येईन.'

कागद अजून परत आलेला नाही. चेक वटला आहे की नाही ते बँकेत जाऊन पाहायचे आहे. ताईचा मात्र परवा फोन आला होता. "काय लिहिलंस रे त्या कागदावर? हे घरात दोन दिवस स्वतःशीच हसताहेत. भाऊबीजेला येतोस ना?"

येतो म्हटले.